बिनकागदाचं कर्ज

माझी सगळी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. नाशिकरोडच्या शाखेत बसून मी नोटांच्या प्रेसमधल्या लोकांची घरकर्जं केली, अंबड-सातपूरच्या लहान कारखानदारांची कॅश क्रेडिट खाती सांभाळली, दिंडोरीकडच्या बागायतदारांचे सातबारे तपासले. समोर माणूस येऊन बसला की ठरलेले प्रश्न विचारायचे. पैसे कशासाठी हवेत, परत कुठून करणार, आणि नाहीच जमलं तर तारण काय? माणूस कितीही ओळखीचा असला, सज्जन असला, तरी याची उत्तरं कागदावर आल्याशिवाय फाईल पुढे जात नसे. त्यात कुणाला अपमान वाटल्याचं मला आठवत नाही. पैसे मागायला आलेल्या माणसाला हे प्रश्न येणार हे माहीत असायचं.

हे सगळं आता पुन्हा डोक्यात घोळतंय ते माझ्या भाचीमुळे. ती मुंबईत एका विमान कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिची नोकरी चालू आहे आणि ती चालू राहावी अशीच आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. मध्यंतरी कंपनीकडून सगळ्या कर्मचाऱ्यांना एक मेल आला. इंधन महागलंय, डॉलर वर गेलाय, काही विमानं इंजिनांअभावी उभी आहेत, आपण सगळे एक कुटुंब आहोत, तेव्हा पुढचे काही महिने पगारातली कपात स्वीकारून कंपनीला साथ द्यावी. कपातीचे टक्के हुद्द्याप्रमाणे. शेवटी संमती देण्यासाठी एक बटण.

शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने ती घरी आली. दादाचं घर ओझरला. रात्री जेवणं झाल्यावर तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. "आत्या, दाबू का?"

दादा म्हणाला, दाब. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या कंपनीने तुला इतकी वर्षं पगार दिला तिच्या अडचणीत चार पैसे सोडले तर काय बिघडलं? कंपनीच बुडाली तर शंभर टक्के पगाराचं काय करणार? दादा एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीतून निवृत्त झाला. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला, आणि दादाच्या पिढीला विमान म्हणजे देशाचं काम. त्या कामावरची त्याची निष्ठा मी लहानपणापासून पाहिलेली आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या रात्री मी त्याच्याशी भांडले. मला त्या मेलमध्ये मदतीची हाक ऐकू येत नव्हती. मला कर्जाचा अर्ज दिसत होता. त्यात परतफेडीची तारीख नव्हती, व्याज नव्हतं, तारण नव्हतं, आणि ज्याच्याकडे मागितलंय त्याला प्रश्न विचारायला जागाही ठेवलेली नव्हती.

जरा सविस्तर सांगते, कारण पगाराकडे आपण असं बघत नाही.

पगार महिना संपल्यावर होतो. म्हणजे रोज कामावर जाणारा प्रत्येक माणूस आपल्या कंपनीला महिनाभराचं काम आधीच उधार देत असतो. विमान कंपनीला उधार देणारे आणखीही असतात: ज्यांची विमानं भाड्याने घेतली ते मालक, तेल कंपन्या, विमानतळ, बँका. आणि प्रवासीसुद्धा, कारण दिवाळीचं तिकीट आपण श्रावणातच पैसे भरून काढतो. या सगळ्यांकडे काही ना काही हत्यार आहे. विमानाचा मालक भाडं थकलं की विमान परत मागतो. तेल कंपनी टाकी भरत नाही. विमानतळ रोख मागतो. बँकेकडे तारण असतं. प्रवाशाला नुसती कुणकुण लागली तरी तो दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढतो. कर्मचारी मात्र पगार थकला तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतो. म्हणून पैशांची ओढ लागली की कंपनीची नजर आधी त्याच्याकडे वळते. त्याच्याकडून मिळणारं कर्ज सगळ्यांत स्वस्त असतं.

नाशिककरांना यातलं बरंचसं आठवत असेल. १५ जून २०१८ ला जेट एअरवेजचं ओझर-दिल्ली विमान सुरू झालं, लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतून. आठवड्यातून तीन दिवस. ओझरचं नवं टर्मिनल २०१४ पासून उभं होतं, पण विमानांचा पत्ता नसायचा, त्यामुळे शहरात केवढा आनंद होता! दिल्लीला जायचं म्हणजे आधी कसारा घाट उतरून मुंबई गाठायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता मोडला होता. आणि त्यानंतर दोन महिनेही झाले नसतील, ऑगस्टच्या सुरुवातीला बातम्या आल्या की याच कंपनीकडे फार थोड्या दिवसांचे पैसे उरलेत आणि कर्मचाऱ्यांना ५ ते २५ टक्के पगारकपात घ्यायला सांगितलंय. पैसे संपत आल्याचं कंपनीने नाकारलं. वैमानिकांनी कपातीला नकार दिला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. त्याच महिन्यात एप्रिल ते जून या तिमाहीचा १,३२३ कोटींचा तोटा जाहीर झाला.

पुढे कपात वेगळ्या दाराने आली. पगार उशिरा होऊ लागले, मग तुकड्यातुकड्यांनी, मग वैमानिक, इंजिनिअर आणि वरच्या अधिकाऱ्यांचे थांबले, शेवटी सगळ्यांचेच. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे त्या कंपनीचं शेवटचं उड्डाण. त्यानंतर दिवाळखोरीची प्रक्रिया, नवे खरेदीदार, खटले, अपिलं, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून बंद करण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये ज्यांचं मूल बालवाडीत होतं त्यांचं मूल तोवर चौथी-पाचवीत गेलं.

दादाने यावर बरोबर बोट ठेवलं. "बघ, त्यांनी कपात नाकारली आणि कंपनी बुडाली." मलाही हा विचार टाळता येत नाही. पण कर्ज विभागातल्या सवयीने मी आकडे शेजारी ठेवून बघते. विमान कंपनीचा सगळ्यांत मोठा खर्च इंधनाचा, मग विमानांचं भाडं आणि देखभाल, आणि हे बरंचसं डॉलरच्या हिशेबाने. पगार हा खर्चाचा त्यामानाने लहान भाग. जिथे एका तिमाहीत हजार कोटींहून जास्त तोटा आहे, तिथे पगारातल्या पंधरा-वीस टक्क्यांनी भोक बुजत नाही. काही आठवडे मिळतात. त्या आठवड्यांत नवा पैसा येणार असेल तर त्यांची किंमत मोठी आहे, हे मी मान्य करते. येणार नसेल, तर कर्मचाऱ्याने आपली शिल्लक घालून इतरांची वसुली सोपी केली एवढंच होतं. म्हणूनच विचारायला हवं: या आठवड्यांत तुम्ही नेमकं काय करणार आहात? कारखानदार ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून मागायला आला की आम्ही हेच विचारायचो.

दादाला मी त्याच्याच कारखान्याची आठवण दिली. २०१९ च्या जानेवारीत एचएएलकडे रोख रक्कम संपल्याची बातमी आली होती. हवाई दलाकडून बिलांचे पैसे यायचे होते. तेव्हा ओझरच्या टाउनशिपमध्ये काय काळजी होती ते त्याने पाहिलंय. एचएएलने काय केलं? ९६२ कोटींचा ओव्हरड्राफ्ट घेतला. बँकेकडून, कागदावर, व्याज भरून. पगार झाले. सरकारी कंपनी होती म्हणून बँकेने दिलं, हे खरंच आहे. खासगी विमान कंपनीला तशा वेळी बँक दारात उभं करत नाही. पण बँक ज्याला जोखीम म्हणून नकार देते, तीच जोखीम तिशीतल्या मुलीने एका बटणावर घ्यावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

दादा त्यावर काही बोलला नाही. पटलं असं नाही. तो उठून बाहेर गेला.

मग भाची आणि मी तिची पगारपत्रकं काढून बसलो. विमान कंपन्यांचे पगार बाहेरून मोठे दिसतात, आत मूळ वेतन बेताचं आणि बाकी भत्ते. हवाई सुंदरी म्हणून काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला उड्डाणाच्या तासांवर भत्ता मिळतो. विमानं उभी राहिली की तास कमी होतात आणि कुणीही कपात जाहीर न करता तिचा पगार खाली येतो. तिला आता जाहीर कपातही लागणार, म्हणजे दोनदा. मेलमधल्या तक्त्यात हे कुठेच धरलेलं नव्हतं.

इंजिनिअरच्या बाबतीत धोका वेगळा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कपात भत्त्यातून होणार की मूळ वेतनातून? मेलमध्ये फक्त 'पगार' असं लिहिलेलं. पीएफ मूळ वेतनावर जातो, तो कमी होणार हे कुणालाही कळतं. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचं गणित मात्र शेवटच्या पगारावर होतं: शेवटचं वेतन, त्याचे २६ पैकी १५ दिवस, गुणिले नोकरीची वर्षं. समजा कुणाचं मूळ वेतन ४०,००० आहे आणि नोकरी अकरा वर्षांची. ग्रॅच्युइटी होते २ लाख ५३ हजारांच्या वर. मूळ वेतन २० टक्क्यांनी उतरवलं आणि त्याच काळात नोकरी गेली, तर तीच रक्कम २ लाख ३ हजारांवर येते. मागच्या अकराही वर्षांचं काम २० टक्क्यांनी स्वस्त झालं. कपात तीन महिन्यांची म्हणून सांगितली असली तरी अशा वेळी ती मागे जाऊन पहिल्या दिवसापासूनच्या नोकरीला लागते. हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. तिच्याबरोबरच्या अनेकांनी तोवर बटण दाबलं होतं.

कायदा अगदीच मुका नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ नुसार कामगाराच्या वेतनात बदल करायचा तर मालकाने आधी २१ दिवसांची नोटीस द्यायची होती, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तशी तरतूद आहे. अडचण ही की 'कामगार' या व्याख्येत कोण बसतं आणि कोण व्यवस्थापकीय ठरतं यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात. आणि कर्मचाऱ्याने स्वतःच संमती दिली तर त्याची बाजू तिथेच लंगडी पडते. बटण त्यासाठीच ठेवलेलं असतं, असं मला वाटतं. उलट्या बाजूने बघा: २०१७ पासून डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमाने विमानाच्या कमांडरला नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. पगार कमी करणाऱ्या मेलमध्ये मात्र 'पुढच्या महिन्यापासून' असं लिहिलेलं असतं.

आणि कंपनी गेलीच तर? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ५३ मी निवृत्तीच्या आसपास नीट वाचलं होतं, तेव्हा बँकेच्या बाजूने. आता भाचीच्या बाजूने वाचलं. विक्रीतून आलेल्या पैशातून आधी प्रक्रियेचा खर्च भागतो. मग तारण असलेले सावकार आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी. बाकीचे कर्मचारी त्यानंतर, तेही १२ महिन्यांपुरते. रांग आहे, रांगेत जागाही आहे. पण विमान कंपनीकडे विकायला असतं काय? विमानं बहुतेक भाड्याची. कार्यालयं भाड्याची. विमानतळावरच्या वेळा आणि परवाने कंपनी बंद पडली की हातात राहत नाहीत. रांगेत जागा मिळाली तरी खिडकीपर्यंत पोचेतो गल्ला रिकामा होतो. शिवाय ज्या पगारावर आपणच पाणी सोडलं तो थकबाकीत मोजलाही जात नाही. थकलेला पगार निदान देणं म्हणून नोंदवलेला असतो. स्वखुशीने सोडलेल्या पगाराचं कुठे खातंच उघडलेलं नसतं.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

कपात करूच नये असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये विमानंच जमिनीवर होती, तेव्हा कुठल्या तोंडाने कुणी म्हणेल की पूर्ण पगार द्या? त्या मार्चमध्ये इंडिगोच्या प्रमुखांनी कपात जाहीर करताना स्वतःची सगळ्यांत मोठी, २५ टक्क्यांची धरली होती. पुढे त्या कंपनीने दहा टक्के माणसंही कमी केली, ते दुःख वेगळं, पण सुरुवात वरून झाली हे मला महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत १९९४ साली युनायटेड एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी पगारात मोठी सवलत दिली आणि बदल्यात कंपनीचे ५५ टक्के शेअर घेतले. २००२ च्या डिसेंबरमध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शेअर मातीमोल झाले. शेवट वाईटच. तरी दिलेल्या पैशाची किंमत ठरवली गेली होती, कागद हातात होता, संचालक मंडळात बसायला जागा होती. आणि २००३ ची अमेरिकन एअरलाइन्सची गोष्ट: संघटनांनी वर्षाला दीड अब्ज डॉलरहून जास्त सवलती मान्य केल्या, आणि नंतर कळलं की वरच्या अधिकाऱ्यांसाठी बोनस आणि पेन्शनची सोय गुपचूप करून ठेवलेली होती. एवढा संताप झाला की त्यांच्या प्रमुखाला त्याच महिन्यात पद सोडावं लागलं. पैसे गेल्याचं माणूस सोसतो. आपल्याला अंधारात ठेवून घेतले हे सोसत नाही.

२०२० चीच आणखी एक गोष्ट बँकवाली म्हणून सांगते. रिझर्व्ह बँकेने तेव्हा कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलायची सवलत दिली. लोकांना वाटलं हप्ते माफ झाले. आमच्या शाखेतल्या मुलांना रोज समजावून सांगावं लागे की व्याज चालू आहे. म्हणजे विमान कंपनीतल्या ज्या मुलाचा पगार लांबला, तो बँकेचा हप्ता लांबवताना व्याज भरत होता. त्याच्या लांबलेल्या पगारावर त्याला कुणी व्याज दिलं नाही.

भाचीचं काम मी एकदा जवळून बघितलंय. रात्रपाळीत विमान तपासायचं, जे काढलं-बसवलं त्याची नोंद करायची, आणि पहाटे तिच्या सहीने ते विमान उडायला मोकळं होतं. पैशांची चणचण असली की सुटे भाग वेळेवर येत नाहीत. मग उभ्या विमानाचा भाग काढून उडणाऱ्याला लावायचा, दोन्हीकडे नोंदी करायच्या, काम दुप्पट. ते नियमात बसतं आणि ती नियमानेच करते. ती मला म्हणाली, "आत्या, पगार कमी केला तरी मी सही करताना कमी बघणार नाही. मला ते येतच नाही." हे ती अभिमानाने म्हणाली नाही, अगदी साधेपणाने म्हणाली. मला वाटलं, या मुलीकडून पैसे घेणाऱ्यांनी निदान तिच्याएवढं नीट लिहून द्यावं.

रविवारी दुपारी आम्ही दोघींनी वही घेऊन प्रश्न काढले. कपात कायमची आहे की रक्कम नंतर परत मिळणार? परत मिळणार असेल तर कोणत्या तारखेला, आणि ती कंपनीच्या पुस्तकात देणं म्हणून दिसणार का? मूळ वेतनाला हात लावणार का? या काळात कुणी सोडून गेलं किंवा काढलं गेलं तर त्याचा हिशेब जुन्या पगारावर होणार का? संचालक आणि वरचे अधिकारी किती सोडणार? नवीन भांडवल येणार असं मेलमध्ये म्हटलंय, ते कुठल्या टप्प्यावर आहे? कपात न स्वीकारणाऱ्याच्या नोकरीचं काय? वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी वाचून एक भर घातली: ज्यांचा पगार अगदी कमी आहे, लोडर, हेल्पर, त्यांना यातून वगळणार का? आमच्या दोघींच्या ध्यानात ते आलंच नव्हतं. वहिनींनी सातपूरला वर्षानुवर्षं हंगामी कामगार म्हणून काम केलंय, २०१९ च्या मंदीत कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले तेव्हा पहिली रोजी कुणाची बुडाली ते त्यांना माहीत आहे.

ती सोमवारी पहाटे निघाली. तिच्या विभागातल्या काहींनी मिळून ते प्रश्न व्यवस्थापनाला लेखी दिले, बरेच जण नाव घालायला घाबरले. उत्तर आलं: मूळ वेतनाला हात लावणार नाही, कपात भत्त्यांतून होईल. बाकीचे मुद्दे विचाराधीन. संमतीची मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली. एका प्रश्नाचं तरी लेखी उत्तर मिळालं, याचं मला बरं वाटलं. भाचीने अजून संमती दिलेली नाही. दादा अजूनही म्हणतो की द्यावी. ती देईलही कदाचित, नवीन भांडवलाबद्दल काही ठोस कळलं तर, आणि तसं झालं तर मी तिला अडवणार नाही.

दरम्यान तिच्यासोबतच्या टेक्निशियन मुलांपैकी काही जण मला फोन करायला लागलेत. नवी घरं घेतलेली, पनवेलला, कल्याणला, एकाने इथे पाथर्डी फाट्याला. हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेलेला. त्यांना मी एकच सांगते आहे: हप्ता चुकेपर्यंत थांबू नका, आत्ताच शाखेत जा. खातं नियमित असताना मुदत वाढवून हप्ता कमी करून मागितला तर अधिकारी ऐकून घेतो. नव्वद दिवस थकल्यावर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग त्याच्याही हातात फारसं राहत नाही. सोबत तो मेल न्या, छापून. पगार कमी होणार आहे याचा तुमच्याजवळचा कागद सध्या तेवढाच आहे.